एका कार्डावरची तेवीस नावं

रविवारी दुपारी एक वाजला की रायपूरच्या गुढियारीतल्या त्या गल्लीतले मिक्सर बंद होत. हा काही महापालिकेचा नियम नव्हता, कांताबाई निखाडेंचा होता. मिक्सर फिरला की मिडियम वेव्हवर नुसती खरखर ऐकू येते, आणि एक ते दीड हाच काय तो आठवड्यातला अर्धा तास, जेव्हा शहराच्या जुन्या रेडिओ स्टेशनवर मराठीतली जुनी गाणी लागत. बाकी सारा आठवडा हिंदी आणि छत्तीसगढी. त्याबद्दल कांताबाईंची तक्रार नव्हती, तीही गाणी त्या आवडीनं ऐकत. पण हा अर्धा तास आपला. चटणी वाटायची तर साडेबाराला वाटा, नाही तर दीडनंतर. समोरच्या घरात नवीन आलेल्या सुनेनं एकदा सव्वा वाजता मिक्सर लावला, तर कांताबाई हातात लाटणं घेऊन तिच्या दारात उभ्या. मारायला नव्हे हो, पोळ्या लाटता लाटता उठल्या होत्या म्हणून. पण त्या पोरीनं जो धसका घेतला तो घेतलाच.

कांताबाईंचं वय एकोणसत्तर, गुडघे दुखरे आणि जीभ धडधाकट. नवरा मारोतराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता, वर्ध्याकडून नोकरीसाठी रायपूरला आला आणि इथलाच झाला. सहा वर्षांपूर्वी तो वारला. मुलगा सचिन सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात शिफ्टमध्ये होता. रायपूर राजधानी होऊन चौदा वर्षं झाली होती. शहरात मॉल आले, रुंद रस्ते आले, तिकडे दूर नवी राजधानी बांधायला घेतली. कांताबाईंच्या खिडकीत मात्र तोच ट्रान्झिस्टर होता, रेल्वेच्या रुळांकडे पाठ करून ठेवलेला, कारण तसा ठेवला तरच स्टेशन नीट लागायचं.

मालधक्क्यावरच्या चार मराठी मित्रांना धरून मारोतरावांनी फार वर्षांपूर्वी श्रोता मंडळ काढलं होतं. मंडळाचं काम एकच. दर आठवड्याला स्टेशनला एक पोस्टकार्ड टाकायचं, त्यावर एका गाण्याची फर्माइश आणि खाली सगळ्या सभासदांची नावं. सभासद वाढत वाढत तेवीस झाले, पण कार्ड एकच राहिलं. जागा पुरली नाही तर अक्षर बारीक करायचं, दुसरं कार्ड घ्यायचं नाही. मंडळ एक आहे तर कार्डही एक, असं मारोतरावांचं म्हणणं, आणि त्या म्हणण्याचा त्यांना भारी अभिमान. रेडिओवरची बाई ती तेवीसही नावं वाचून दाखवी. त्याला पाऊण मिनिट लागे, आणि तेवढं पाऊण मिनिट सभासदांच्या घरांत कोणी शिंकतसुद्धा नसे.

मंडळाची आणखी एक रीत होती. कोणी वारलं तरी कार्डावरून त्याचं नाव काढायचं नाही. पहिल्यांदा गेले ते गुलाबराव ठवरे. मारोतराव कार्ड लिहायला बसले आणि त्या नावापाशी थांबले. तेवढ्यात गुलाबरावांची बायको शांताबाई आली, उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "भाऊजी, यायचं नाव नका कापू. रेशन कार्डातून कापलं, दफ्तरातून कापलं, आता तुमी तरी नका कापू." नाव राहिलं. मग जो जो गेला त्याचं राहिलं. मारोतराव गेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कांताबाईंनी चष्मा लावून स्वतः कार्ड लिहिलं, आणि पहिलं नाव घातलं मारोतराव निखाडे. तेव्हापासून दर रविवारी रेडिओतून ते नाव आलं की कांताबाई खिडकीकडे पाहून ओ द्यायच्या, "हाओ, ऐकून राहिलो." इतकंच. पुन्हा कणकेत हात.

तर त्या रविवारी नावं झाली, गाणी झाली, आणि शेवटी रमा म्हणाली, "श्रोतेहो, एक सूचना. या महिन्याच्या शेवटच्या रविवारनंतर हा कार्यक्रम बंद होत आहे." रमा म्हणजे कार्यक्रमाची निवेदिका. वीस वर्षं तिनं ही नावं वाचली, समता कॉलनीतून स्कूटीवर येऊन, रोजंदारीवर. तिचा आवाज एवढा कोरडा कांताबाईंनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकली आणि फोन उचलला. पोळी जळून कोळसा झाली.

"रमा, काय वं हे? काहून बंद करून राहिले?"

"काकू, नवीन साहेब आलेत, पुण्याचे. त्यांनी वर्षभराची पत्रं मोजली. बावन्न निघाली. महिन्याला चार. रिपोर्टात लिहिलं, कार्यक्रमाला श्रोते चार."

"चार?"

"दुसऱ्या कार्यक्रमांना मोबाइलवर शेकड्यानं मेसेज येतात ना."

"अवं पण एकेका कार्डावर तेवीस नावं हायेत! तू सांगतलं नाई का त्याले?"

"सांगितलं, काकू. ते म्हणतात, एक पत्र म्हणजे एक श्रोता. मोजायची पद्धतच तशी आहे."

कांताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पद्धत! वर्षानुवर्षं बारीक अक्षर काढून काढून मारोतरावांच्या चष्म्याचा नंबर वाढला, मंडळाची एकी दिसावी म्हणून दुसरं कार्ड घेतलं नाही, आणि हा कोण कुठला उपटसुंभ म्हणतो एक! ढीगभर कार्डं पाठवणारे शहाणे, आणि आम्ही येडपट! बाकीचा दिवस त्या भांड्यांशी भांडत होत्या. समोरच्या सुनेनं त्या दिवशी दीडनंतरही मिक्सर लावला नाही.

मंगळवारी त्या शांताबाईंना घेऊन ऑटोनं स्टेशनवर गेल्या. शांताबाई त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठ्या, कमी बोलणाऱ्या. फाटकावरच्या शिपायानं विचारलं, "किससे मिलना है, माताजी?"

"जिसने चार गिना ना, उसीसे," कांताबाई म्हणाल्या आणि त्याला बाजूला सारून आत शिरल्या.

साहेबाचं नाव आशय. तिशीचा असेल, नीट कातरलेली दाढी, टेबलावर संगणक आणि स्टीलची बाटली. तो उठून उभा राहिला, म्हणाला, "या ना आजी, बसा. उन्हातून आलात, पाणी घेता का?" असं धुतलेल्या तांदळासारखं मराठी ऐकून कांताबाईंचा अर्धा राग तिथंच विरघळला. आपलाच पोट्टा आहे, समजून घेईल, असं त्यांना वाटलं. वाटायचंच. या शहरात घरची पोरंसुद्धा हिंदीतून उत्तर देतात, तिथं साहेबाच्या तोंडून मराठी ऐकलं की माणूस भुलतो.

त्यांनी कार्डाची सगळी हकिगत सांगितली. त्यानं मान डोलवत ऐकली.

"आजी, मी तुमच्या विरुद्ध नाही हो. पण मला वर कागद दाखवावा लागतो. असं करा, तुमच्या मंडळातल्या सगळ्यांची नावं एका कागदावर लिहा, पुढे प्रत्येकाची सही आणि फोन नंबर. येत्या सोमवारपर्यंत आणा. वीसच्या वर सह्या असतील तर कार्यक्रम चालू ठेवा म्हणून मी स्वतः लिहितो."

"वीस काय घेऊन बसलास बावा," कांताबाई उठता उठता म्हणाल्या, "तेवीस आणते!"

तोऱ्यात बाहेर आल्या. पायऱ्या उतरताना शांताबाईंनी त्यांचा पदर धरला.

"कांता, तेवीस कुठून आणशीन?"

"काहून? मंडळात तेवीस नाईत का?"

"कार्डावर हायेत. जिते किती?"

कांताबाई पायरीवरच बसल्या. बोटांवर मोजायला लागल्या. मारोतराव. गुलाबराव. पार्सल ऑफिसातले बोंद्रे. बोंद्र्यांची बायको. डोर्लीकर मास्तर. एक हात संपला, दुसरा संपला, पुन्हा पहिल्या हातावर आल्या. चौदा गेलेले. जिवंत नऊ, त्यात या दोघी.

आता तुम्ही म्हणाल, एवढी गोष्ट बाई विसरली कशी? अहो, विसरणार नाही तर काय! दर रविवारी ज्यांचं नाव पुकारलं जातं ती माणसं मेलेली वाटतच नाहीत. बोंद्रे भेटले नाहीत बऱ्याच दिवसांत, एवढंच वाटतं. स्वतःच्याच तोंडानं कबूल केलेला तो तेवीसचा आकडा आता त्यांना काट्यासारखा बोचत होता. ऑटोत त्या स्वतःवर चिडल्या, आशयवर चिडल्या, ऑटोवाल्याच्या मोठ्या आवाजातल्या गाण्यावर चिडल्या, आणि शेवटी मारोतरावांवरही चिडल्या. मेले ते मेले, आणि सही करायलाही मागे राहिले नाहीत.

बुधवार-गुरुवार त्या घरोघर हिंडल्या. जिवंतांपैकी सात जणांनी लगेच सही केली, दोघं भिलाईला मुलांकडे राहत, त्यांच्या सह्या मुलांनी कागद नेऊन परत आणला तेव्हा मिळाल्या. मग त्या गेलेल्यांच्या घरी गेल्या. तिथं खरी तऱ्हा. बोंद्र्यांच्या मुलाचं मोबाइलचं दुकान. तो म्हणाला, "आंटी, रेडियो? अब कौन सुनता है?" डोर्लीकर मास्तरांच्या सुनेला मास्तर मंडळात होते हेच ठाऊक नव्हतं. एका घरी तर नातवानं दारातूनच विचारलं, "किसका चंदा है?" कांताबाईंना तिथंच त्याचा कान पिळावासा वाटला. ज्याच्या आजोबाचं नाव दर रविवारी अख्ख्या छत्तीसगडात ऐकू जातं, तो पोट्टा विचारतो कसली वर्गणी!

शुक्रवारी संध्याकाळी सचिन ड्यूटीवरून आला. आई कागद समोर ठेवून बसलेली पाहून त्यानं विचारलं, आणि कळल्यावर तो हसलाच.

"इतनी सी बात? ला, पेन दे. बाबा का साइन मैं कर देता हूं. बाकी के भी कर देंगे. कौन देखने वाला है?"

"खबरदार!" कांताबाईंनी कागद छातीशी धरला. "बापाची खोटी सही करशीन? मालधक्क्यावर तीस वर्षं सही केली त्यायनं, एक दाणा इकडचा तिकडं झाला नाई. अन् तू मेल्यावर त्यायले खोटं पाडतं?"

"खोटं?" या एका शब्दापुरता सचिन मराठीत आला. "आई, तू भी तो छह साल से बाबा का नाम भेज रही है. वो क्या है फिर? वो सच है?"

  सचिन जेवायला बसला, त्यांनी वाढलं, पण वाढताना भाजीची पळी ताटावर आपटत होती. खोटं म्हणतो! दर आठवड्याला चष्मा लावून, जीव ओतून लिहिलेलं नाव, त्याला खोटं म्हणतो! पण मग त्याला म्हणायचं काय, हे काही केल्या सापडेना. 

सकाळी उठल्या त्या ठरवूनच. पुन्हा त्या गेलेल्यांच्या घरी गेल्या आणि या वेळी सही मागितलीच नाही. प्रत्येक दारात एकच बोलल्या, "उद्या एक वाजता माझ्या आंगणात या. तुमच्या बापाचं नाव रेडिओवर येते. या अन् ऐका. मंग वाटलं तर सही करा, स्वतःच्या नावाची. नाई वाटलं तर नका करू."

आणि सचिनला म्हणाल्या, "तुले उद्या सुट्टी हाय. झोपशीन नाई."

रविवारी पाऊण वाजल्यापासून माणसं यायला लागली. कांताबाईंना वाटलं होतं पाच-सहा येतील. अंगण भरलं आणि काही गल्लीत उभे राहिले. बोंद्र्यांचा मुलगा दुकान नोकरावर सोडून आला. मास्तरांची सून आली. शांताबाईंची नात मीनल आली, कॉलेजातली, कानातली वायर काढून हातात धरलेली. ट्रान्झिस्टर खुर्चीवर ठेवला होता. समोरच्या सुनेनं मिक्सर तर बंद ठेवलाच, वर स्वतःच्या घरातून दोन चटया आणून अंथरल्या.

एक वाजला. रमा म्हणाली, "गुढियारीच्या मराठी श्रोता मंडळाचं पत्र आहे. फर्माइश पाठवणारे, मारोतराव निखाडे..."

"हाओ, ऐकून राहिलो," कांताबाई म्हणाल्या, सवयीनं, आणि सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"...गुलाबराव ठवरे, शांताबाई ठवरे, विठ्ठलराव बोंद्रे, रुक्मिणी बोंद्रे..."

बोंद्र्यांचा मुलगा खिशातून मोबाइल काढत होता. त्याचा हात खिशातच राहिला. आई-बापाचं नाव एका पाठोपाठ एक, तेही एवढ्या नेटक्या आवाजात, जणू दोघं आत्ताच कार्ड टाकून आली आहेत. नावं पुढे जात राहिली आणि अंगणात एकेक मान वर होत गेली. मीनलनं आजीचा हात घट्ट धरला. दूर रुळांवरून मालगाडी गेली, आवाज घरघरला, दोन नावं त्यात बुडाली, तर गल्लीत उभा असलेला एक म्हातारा ओरडला, "अरे थांबव रे त्या गाडीले!" सचिन खांबाला टेकून उभा होता. नावं संपली, गाणं लागलं, तरी तो रेडिओकडेच बघत राहिला.

खरं सांगायचं तर कांताबाईंना तेव्हा गहिवर वगैरे काही आला नाही, संतापच आला. एवढी वर्षं कुठं होता रे तुम्ही सगळे? खिडकीतून येत होतं ना हे, फुकट येत होतं! एक कान द्यायला काय जात होतं तुमच्या बापाचं? हे त्या मोठ्यानंही बोलल्या, गाणं संपल्यावर. मग कागद फिरला. ज्यांना मराठीत सही येत नव्हती त्यांनी हिंदीत केली. नऊ जुन्या आणि बावीस नव्या, एकतीस सह्या झाल्या. सचिननं सही केली ती स्वतःची.

सोमवारी दोघी पुन्हा स्टेशनवर. कांताबाईंनी कागद टेबलावर ठेवला तो आपटूनच. आशयनं सह्या मोजल्या, "वा, आजी!" म्हणाला, आणि मग फाइलमधून गेल्या आठवड्याचं कार्ड काढून शेजारी ठेवलं. बोट फिरवत एकेक नाव जुळवू लागला. बोट अडखळायला लागलं.

"आजी, यातली नऊच नावं कार्डावर आहेत. बाकीचे हे बावीस कोण?"

"त्यायची लेकरं. सुना. नातवंडं."

"आणि कार्डावरचे ते चौदा जण? त्यांनी सह्या का नाही केल्या?"

"वारले ते," कांताबाई म्हणाल्या. खोटं बोलायचं नाही हे सचिनला दरडावताना त्यांनी स्वतःलाही बजावलं होतं.

आशय खुर्चीत मागे रेलला. दारात रमा उभी होती, हातात येत्या रविवारच्या गाण्यांची यादी घेऊन.

"वारले? कधी?"

"कोणी बावीस वर्षं झाले, कोणी सहा."

"म्हणजे आपण इतकी वर्षं मृत माणसांची नावं प्रसारित करतोय?" त्याच्या स्वच्छ मराठीला आता धार आली. "आजी, हे फार गंभीर आहे. ही दिशाभूल आहे. मी कार्यक्रम वाचवायला निघालो होतो, आणि आता मला वर हे लिहावं लागेल. मेलेला माणूस फर्माइश कशी पाठवेल? त्याचं नाव रेडिओवर घ्यायचं कशासाठी?"

शुक्रवारपासून कांताबाईंना जे उत्तर सापडत नव्हतं ते तिथं सापडलं. त्यांनी वळून रमाच्या हातातली यादी ओढून घेतली आणि त्याच्यापुढे धरली.

"हे वाच. या रविवारी कोणाकोणाची गाणी लावून राहिले तुमी?"

"आजी, त्याचा इथे..."

"वाच मनतो ना! गाणारी जिती हाय का? नाई. गाणं लिहिणारा? तोई गेला. चाल लावणारा? मी शाळेत होती तवा गेला. या अख्ख्या यादीत जितं माणूस दाखव मले एक. अन् तरी ही रमा दर गाण्याच्या अगोदर त्यायची नावं घेते का नाई? वीस वर्षं झाले, दर रविवारी घेते. गाणारी अमुक, लिहिणारे तमुक. ते दिशाभूल नाई? गाणारा मेला तरी त्याचं नाव चालते, अन् जल्मभर ऐकणारा मेला तर लगेच खोटा? ऐकणारे नसते तर तुमचं हे दुकान कोणासाठी चाललं असतं रे?"

शांताबाई टेबलाजवळ सरकल्या. त्या म्हणाल्या, "यायचं नाव रेशन कार्डातून कापलं साहेब, दफ्तरातून कापलं. इथंच तेवढं होतं."

 आशयनं यादी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा एकदा वाचली. रमाकडे पाहिलं, तर तिनं नजर खाली वळवली नाही. मग त्यानं एकतीस सह्यांचा कागद फाइलीत लावला.

"मी हा कागद पाठवतो," तो म्हणाला. "मंजुरी माझ्या हातात नाही. आणि त्या चौदांबद्दल मी काही लिहीत नाही."

"लिही की! काहून नाई लिहीत? लाज वाटण्यासारखं काही केलं नाई आम्ही," असं म्हणून कांताबाई उठल्या. आशयनं पाणी विचारलं, तेही घेतलं नाही. फाटकावर शिपायानं आपणहून दार उघडलं.

महिन्याचा शेवटचा शुक्रवार उजाडला तेव्हा रमाचा फोन आला. आवाजात हसू होतं, पण ती जरा बिचकतही होती.

"काकू, झालं. कार्यक्रम चालू राहणार. सहा महिने आणखी, मग पुन्हा बघणार म्हणे."

"पुन्हा मोजतीन का?"

"मोजतील. आणि काकू, एक अट घातली आहे त्यांनी. चिडू नका. एका कार्डावरची दहाच नावं वाचायची. वेळ जातो म्हणतात."

कांताबाई चिडल्याच. म्हणजे आता मंडळाचे तुकडे करायचे, चाळीस वर्षं जे केलं नाही ते! मेल्यांनो, पाऊण मिनिट जड झालं तुम्हाला! फोन ठेवल्यावरही बराच वेळ त्या स्वयंपाकघरात कोणाकोणाचा उद्धार करत होत्या. सचिन ऐकत होता. तो उठला, पोस्टात जाऊन कार्डं घेऊन आला आणि आईपुढे ठेवली. कांताबाईंनी चष्मा लावला.

जुनी तेवीस, आणि अंगणात येऊन सह्या केलेली नवी बावीस. पंचेचाळीस नावं, दर आठवड्याला पाच कार्डं. एक पत्र म्हणजे एक श्रोता, तर आता घ्या म्हणावं महिन्याला वीस! पहिल्या कार्डावर त्यांनी वर लिहिलं, मारोतराव निखाडे. मग गुलाबराव. मग बोंद्रे, बोंद्रेबाई, डोर्लीकर मास्तर. दहा झाले तसं दुसरं कार्ड ओढलं आणि उरलेले चार त्यावर घेतले. चौदा पूर्ण झाले तेव्हा कुठं जिवंतांची पाळी आली.

सचिन खांद्यावरून वाकून पाहत होता. "आई, सगळे गेलेलेच अगोदर लिहिले? अन् वेळ पुरला नाही, रमाताईनं मधेच थांबवलं, तर आपली नावं राहतील ना."

एवढं लांबलचक मराठी तो कधी बोलला होता ते कांताबाईंना आठवेना. पण त्यांनी मान वर केली नाही.

"राहू दे राहिली तर," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "आपल्याले भांडता येते."